जुन्या व्यावसायिक कुस्तीच्या व्हिडिओ कॅसेटींचा संग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा छंद नेमका कशाचा आहे?

अमेरिकेत १९८०च्या सुमारापासून ते नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत व्यावसायिक कुस्तीच्या, म्हणजे निकाल आधीच ठरवून रंगवल्या जाणाऱ्या कुस्तीच्या, चाहत्यांचा एक लहान पण चिवट वर्ग व्हीएचएस कॅसेटींवर लढती जमवत असे, त्यांच्या प्रती काढत असे आणि त्या टपालाने एकमेकांना पाठवत असे. जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस १९७६ मध्ये जपानमध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत विक्रीस आणले. सोनीचे बीटामॅक्स त्याआधीच आलेले असल्याने अगदी जुन्या संग्रहांत बीटा कॅसेटीही आढळतात.

संग्रहातील कॅसेटी तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार कुस्ती कंपन्यांनी स्वतः विक्रीसाठी काढलेल्या कॅसेटींचा, दुसरा चाहत्यांनी घरच्या व्हीसीआरवर दूरचित्रवाणीवरून उतरवलेल्या कार्यक्रमांचा आणि तिसरा प्रेक्षकांत बसून हातातल्या कॅमेऱ्याने केलेल्या चित्रीकरणाचा. बाजारात भाव आलाच तर पहिल्या प्रकाराला येतो, पण जाणकार संग्राहकाचा जीव बहुधा दुसऱ्या प्रकारात गुंतलेला असतो, आणि या पानावरील बरीचशी उत्तरे त्याच प्रकाराविषयी आहेत.

एकाच देशात राहणाऱ्या चाहत्यांना कुस्ती टपालाने का मागवावी लागे?

कारण अमेरिकेतील कुस्ती त्या काळी प्रादेशिक होती. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेसलिंग अलायन्सच्या छत्राखाली निरनिराळ्या आयोजकांनी देश आपापसांत वाटून घेतला होता आणि एकाच्या हद्दीत दुसऱ्याने खेळ लावू नये, असा संकेत होता. डॅलसमध्ये फॉन एरिक कुटुंबाची वर्ल्ड क्लास, लुइझियाना आणि ओक्लाहोमा भागात बिल वॉट्स यांची मिड-साउथ, शार्लटमध्ये जिम क्रॉकेट यांची कंपनी, तर मेम्फिसमध्ये जेरी लॉलर यांचे साम्राज्य. मिनियापोलिसची एडब्ल्यूए आणि न्यूयॉर्कची डब्ल्यूडब्ल्यूएफ या कंपन्यांचेही आपापले प्रांत ठरलेले होते. प्रत्येकाचा साप्ताहिक कार्यक्रम त्या त्या भागातील केंद्रांवरून दाखवला जाई, त्यामुळे मेम्फिसमध्ये शनिवारी सकाळी स्टुडिओतून थेट प्रक्षेपित होणारा कार्यक्रम न्यूयॉर्कमधील माणसाला पाहायला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. कुस्तीविषयक मासिकांत तो डॅलसच्या लढतींची छायाचित्रे पाही, वर्णने वाची आणि तिथेच थांबे. अटलांटाच्या टीबीएस वाहिनीवर दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी सुरू होणारा कार्यक्रम केबलमुळे देशभर दिसे, पण तो अपवाद होता.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. दूरचित्रवाणी केंद्रांना लागणारी रुंद चुंबकीय फीत महाग असे, म्हणून कार्यक्रम दाखवून झाला की तीच फीत पुसून पुन्हा वापरली जाई. आठवड्याच्या कुस्तीला काही ऐतिहासिक मोल असेल, असे कोणालाही वाटत नव्हते. परिणामी अनेक लढतींचा आज उरलेला एकमेव पुरावा म्हणजे कोणीतरी आपल्या दिवाणखान्यात उतरवून ठेवलेली कॅसेट होय. १९८२ मध्ये धाकट्या व्हिन्स मॅकमहॉन यांनी वडिलांकडून डब्ल्यूडब्ल्यूएफ विकत घेतली आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्या हद्दी ओलांडून देशभर खेळ लावले. दशक संपेपर्यंत बहुतेक प्रादेशिक कंपन्या बंद पडल्या होत्या किंवा शेवटच्या घटका मोजत होत्या. त्यामुळे जमवाजमव ऐन भरात असतानाच तिच्यात गतकाळाची ओढ मिसळलेली होती. ती नंतर कोणी चिकटवलेली नाही.

देवाणघेवाण प्रत्यक्षात कशी होत असे?

प्रत्येक संग्राहकाकडे आपल्या कॅसेटींची टंकलिखित यादी असे. तीत लढतीची तारीख, गाव, मल्लांची नावे, चित्राचा दर्जा आणि मुद्रणाचा वेग नोंदवलेला असे. कुस्तीविषयक वार्तापत्रांतून, विशेषतः डेव्ह मेल्टझर यांच्या ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’च्या वाचकांतून, लोकांचा एकमेकांशी परिचय होई, मग याद्यांची अदलाबदल होई आणि दोघांनीही समसमान तासांचे मुद्रण पाठवायचे, असा व्यवहार ठरे. ज्याच्याकडे देण्यासारखे काहीच नाही, अशा नवख्याने दोन कोऱ्या कॅसेटी आणि टपालखर्च पाठवावा व त्यातील एक भरून परत घ्यावी, अशीही पद्धत होती.

प्रत काढण्यासाठी दोन व्हीसीआर तारेने जोडावे लागत आणि दोन तासांच्या कॅसेटला पूर्ण दोन तास द्यावे लागत, कारण घाईने प्रत काढण्याची सोय घरगुती यंत्रात नव्हती. टी-१२० या सर्रास मिळणाऱ्या कॅसेटवर एसपी वेगाने दोन तास, एलपी वेगाने चार तास आणि ईपी वेगाने सहा तास मावत. सहा तासांचा लोभ धरला की चित्र फिके व अस्थिर होई, आणि दर्जाला जपावे तर कॅसेटींचा व टपालाचा खर्च तिपटीने वाढे. या प्रश्नावरून संग्राहकांत कायमचे दोन तट पडलेले होते. सगळा व्यवहार विश्वासावर चाले, त्यामुळे माल घेऊन गप्प बसणाऱ्यांची नावे वार्तापत्रांतून जाहीर करण्याचीही प्रथा होती आणि ती शिक्षा पुरेशी ठरत असे.

‘पहिली पिढी’, ‘चौथी पिढी’ म्हणजे काय?

मूळ मुद्रणावरून काढलेली प्रत ही पहिली पिढी, तिच्यावरून काढलेली दुसरी, आणि असेच पुढे. चुंबकीय फितीवरील प्रत मूळ मुद्रणाइतकी कधीच नसते. व्हीएचएसवर मुळातच सुमारे २४० रेषांइतकाच आडवा तपशील मावतो, आणि प्रत्येक प्रतीत त्यातला काही गळतो, रंग कडेच्या बाहेर पसरतात, आवाजात खरखर येते आणि पडद्यावर मुंग्या वाढतात. पाचव्या-सहाव्या पिढीत मल्लाचा चेहरा ओळखू येत नाही, तो चड्डीच्या रंगावरून आणि चालीवरून ओळखावा लागतो. तरीही अशा प्रती आवडीने पाहिल्या जात, कारण पर्याय नव्हता. आज काही जण या खराब चित्रालाच सौंदर्य मानतात. ते मत प्रस्तुत लेखकाला पटत नाही, कारण त्या काळातील प्रत्येक संग्राहक अधिक चांगल्या प्रतीच्या शोधात असे.

कोलिझियम व्हिडिओच्या कॅसेटींना एवढे महत्त्व का दिले जाते?

कोलिझियम व्हिडिओ ही १९८५ ते १९९७ या काळात डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कॅसेटी काढणारी कंपनी होती. तिच्या सुरुवातीच्या कॅसेटी मोठ्या, पुस्तकासारख्या उघडणाऱ्या प्लास्टिकच्या पेट्यांत येत, आणि ज्यांचे बालपण भाड्याने कॅसेटी देणाऱ्या दुकानांत गेले, त्यांना त्या पेट्यांच्या रांगा अजून दिसतात. किंमत मुख्यतः अशा दुकानांना समोर ठेवून ठरवलेली असल्याने घरी विकत घेणारे थोडे होते.

केवळ पेटीच्या सौंदर्यामुळे त्या मोलाच्या ठरलेल्या नाहीत. दूरचित्रवाणीवर कधीच न दाखवलेल्या लढती या कॅसेटींसाठी राखून ठेवल्या जात. २१ जुलै १९९२ रोजी मेन राज्यातील पोर्टलंड येथे ब्रेट हार्ट आणि शॉन मायकल्स यांच्यात डब्ल्यूडब्ल्यूएफमधील पहिली शिडीची लढत, म्हणजे शिडी चढून वर टांगलेला पट्टा काढणारा जिंकतो अशी लढत, झाली. ती चाहत्यांना पाहायला मिळाली, ती पुढच्या वर्षी निघालेल्या कोलिझियमच्या कॅसेटवर. त्यानंतर जवळजवळ वर्षभराने, मार्च १९९४ मध्ये, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मायकल्स आणि रेझर रामोन यांच्यात झालेली शिडीची लढत जगभर गाजली आणि अनेकांना तीच पहिली वाटली. कॅसेटवाल्यांना तसे वाटले नाही.

अमेरिकी संग्राहकांच्या यादीत जपानी लढती इतक्या का असत?

याचे एक कारण तांत्रिक आहे. अमेरिका आणि जपान या दोन्ही देशांत एनटीएससी हीच प्रक्षेपण पद्धत होती, त्यामुळे टोकियोत उतरवलेली कॅसेट कॅलिफोर्नियातील व्हीसीआरवर कोणत्याही रूपांतराशिवाय चाले. ब्रिटनची कुस्ती तितकीच जुनी आणि रसाळ होती, आयटीव्ही या वाहिनीवर ती १९८८ पर्यंत चाललीही, पण तिथली पाल पद्धत आड येई आणि रूपांतर करणारे यंत्र सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते.

दुसरे कारण खुद्द कुस्तीचे आहे. १९७२ मध्ये अंतोनियो इनोकी यांनी न्यू जपान आणि जायंट बाबा यांनी ऑल जपान या कंपन्या काढल्या. तिथे लढतीला क्रीडाप्रकाराचे गांभीर्य होते आणि भडक बडबडीला गौण स्थान होते. २३ एप्रिल १९८१ रोजी मुखवटाधारी टायगर मास्क, म्हणजे सातोरु सायामा, आणि इंग्लंडचा डायनामाइट किड यांची लढत झाली, आणि पुढे डब्ल्यूडब्ल्यूएफचा सर्वांत मोठा तारा हल्क होगन याची कुस्ती पाहून वाढलेल्या अमेरिकी पोरांच्या हाती ही कॅसेट पडल्यावर त्यांचा कुस्तीविषयीचा समजच बदलून गेला. पुढे १६ एप्रिल १९९४ची सुपर जे कप ही स्पर्धा आणि त्याच वर्षी ३ जून रोजी निप्पॉन बुदोकान येथे झालेली मित्सुहारु मिसावा विरुद्ध तोशिआकी कावादा ही लढत प्रत्येक यादीत असावीच, असा दंडक झाला. जपानी समालोचनातला एक शब्दही कळत नसताना लोक या लढती पाहत. मल्लांची कथा अंगाच्या हालचालींतून कळत असल्याने भाषेवाचून अडत नसे, उलट समालोचकाचा चढता स्वर लढतीचा ताण अधिकच वाढवी.

याच कॅसेटींमधून रक्तरंजित शाखाही अमेरिकेत पोहोचली. अत्सुशी ओनिता यांच्या एफएमडब्ल्यू या जपानी कंपनीतील काटेरी तारांच्या आणि स्फोटांच्या लढती, तसेच ऑगस्ट १९९५ मध्ये कावासाकी येथे झालेल्या स्पर्धेतील टेरी फंक विरुद्ध कॅक्टस जॅक हा अंतिम सामना, यांच्या असंख्य प्रती निघाल्या. कुतूहल म्हणून एकदा पाहाव्यात, यापलीकडे त्यांची शिफारस करावीशी वाटत नाही.

या देवाणघेवाणीचा कुस्तीवर काही परिणाम झाला का?

निश्चित झाला. फिलाडेल्फियाच्या ईसीडब्ल्यू या कुस्ती कंपनीचा प्रेक्षक जपानच्या आणि मेक्सिकोच्या कॅसेटी पाहून तयार झालेला होता, म्हणूनच १९९५ मध्ये रे मिस्टेरिओ ज्युनिअर आणि सिकोसिस हे मल्ल तिथे उतरले, तेव्हा त्यांची ओळख करून देण्याची फारशी गरज पडली नाही. याहून ठळक उदाहरण पुढचे आहे. ईसीडब्ल्यूच्या कॅसेटी विकणारी आरएफ व्हिडिओ ही कंपनी २००१ मध्ये ईसीडब्ल्यू बुडाल्यावर विकायला माल उरला नाही म्हणून अडचणीत आली, आणि नवा माल निर्माण करण्यासाठी तिच्या मालकाने फेब्रुवारी २००२ मध्ये रिंग ऑफ ऑनर ही कुस्ती कंपनीच सुरू केली. कॅसेटी विकता याव्यात म्हणून लढती लावणारी ही कंपनी पुढे अनेक नामवंत मल्लांची पहिली पायरी ठरली.

निकाल आधीच ठरलेला असतो, तर अशा लढती जपून ठेवण्यात काय अर्थ?

कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांकडून हा प्रश्न हटकून येतो आणि तो रास्त आहे. मैदानात नुरा कुस्ती झाली, तर प्रेक्षक हुर्यो उडवतात, कारण तिथे त्यांची फसवणूक झालेली असते. अमेरिकी व्यावसायिक कुस्तीतही फार वर्षे हे गुपित कसोशीने पाळले गेले, पण कॅसेटी जमवणाऱ्यांना ते ठाऊक होते. त्यांना कोण जिंकला यात रस नव्हता. त्यांना लढत कशी बांधली आहे, प्रतिस्पर्धी दुबळा असताना कसलेल्या मल्लाने ती कशी सावरली, गर्दीला कधी उठवले आणि कधी बसवले, यात रस होता. संगीत नाटकाचा प्रयोग कथानक ठाऊक असूनही पुन्हा पाहिला जातो, तसाच हा प्रकार आहे. १९८९ मध्ये रिक फ्लेअर आणि रिकी स्टीमबोट यांनी शिकागो, न्यू ऑर्लीन्स आणि नॅशव्हिल येथे लढलेल्या तीन लढती ओळीने पाहिल्या, तर एकाच जोडीने प्रत्येक वेळी वेगळी मांडणी कशी केली ते दिसते, आणि असे ओळीने पाहणे तेव्हा केवळ कॅसेटमुळेच शक्य होते.

आता सर्व काही स्ट्रीमिंगवर उपलब्ध असताना जुन्या कॅसेटी कशाला हव्यात?

‘सर्व काही’ उपलब्ध नाही. डब्ल्यूडब्ल्यूईने (डब्ल्यूडब्ल्यूएफचेच आजचे नाव) २००१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली आणि पुढच्या वर्षांत ईसीडब्ल्यू, एडब्ल्यूए, वर्ल्ड क्लास, मिड-साउथ यांचे संग्रहही मिळवले. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिने स्वतःची स्ट्रीमिंग सेवा सुरू केली, तेव्हा अनेकांनी आपल्या कॅसेटी कचऱ्यात काढल्या. चित्राची स्वच्छता पाहता तो निर्णय समजण्यासारखा होता, परंतु अधिकृत आवृत्ती आणि मूळ प्रक्षेपण यांत बराच फरक असतो. ईसीडब्ल्यूचे मल्ल प्रसिद्ध गाण्यांच्या तालावर रिंगणात येत, आणि हक्कांच्या अडचणीमुळे अधिकृत आवृत्तीत ती गाणी काढून दुसरेच संगीत घातलेले आहे. प्रवेशाचा सगळा थरार त्या गाण्यात होता, त्यामुळे बदललेली आवृत्ती पाहणाऱ्याला प्रेक्षक एवढे बेभान का झाले आहेत ते कळत नाही. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाशी झालेल्या न्यायालयीन वादानंतर कंपनीने २००२ मध्ये नाव बदलले, आणि पुढची दहा वर्षे, २०१२ मध्ये नवा समझोता होईपर्यंत, जुन्या चित्रणातील एका बोधचिन्हावर धूसर ठिपका फिरत राही. २०२१ मध्ये अमेरिकेत हा संग्रह पीकॉक या सेवेकडे गेल्यावर वर्णद्वेषी ठरणारे काही प्रसंग, उदाहरणार्थ सहाव्या रेसलमेनियातील (कंपनीच्या मोठ्या वार्षिक कार्यक्रमातील) मल्ल रॉडी पायपर यांचा, काढून टाकण्यात आले. तो प्रसंग गलिच्छ होता यात शंका नाही, पण तो घडला होता आणि लोकांनी तो चालवून घेतला होता, हेही कोठेतरी शिल्लक राहिले पाहिजे.

शिवाय साप्ताहिक कार्यक्रमांत दर शहरासाठी वेगळ्या मुलाखती घातल्या जात. येत्या शुक्रवारी तुमच्या गावातील सभागृहात कोण कोणाला लोळवणार, याची ती घोषणा असे आणि तिकिटे तिच्यावरच खपत. कंपनीच्या संग्रहात असे तुकडे फारसे नाहीत. ते सापडतात, स्थानिक मोटारविक्रेत्याच्या जाहिरातीसकट, त्या गावातल्या कोणाच्या तरी कॅसेटवर.

हरवलेल्या लढती खरोखर सापडतात का?

क्वचित सापडतात. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ब्रेट हार्ट विरुद्ध टॉम मॅगी या लढतीचे आहे. ७ ऑक्टोबर १९८६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे झालेली ही लढत प्रक्षेपणासाठी नव्हती. मॅगी हा कॅनडाचा धिप्पाड शक्तिपटू होता आणि ही लढत पाहून मॅकमहॉन यांना दुसरा हल्क होगन सापडल्यासारखे वाटले, अशी आख्यायिका पसरली. पुढे मॅगीची कारकीर्द फुलली नाही, त्यामुळे ब्रेटने त्या एका रात्री काय जादू केली, याविषयीचे कुतूहल तीन दशके वाढतच गेले. अखेर २०१९ मध्ये ब्रेट यांच्याच जुन्या कॅसेटींत ती लढत सापडली आणि त्याच वर्षी मे महिन्यात अधिकृतपणे दाखवण्यात आली. लढत थोडक्यात आटोपणारी आणि साधी आहे. ब्रेट प्रत्येक क्षणी समोरच्याला योग्य जागी आणून उभा करतो आहे, हे मात्र जाणत्या डोळ्याला स्पष्ट दिसते.

अशी देवाणघेवाण कायदेशीर होती का?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये बीटामॅक्स खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की, कार्यक्रम नंतर पाहता यावा म्हणून घरी मुद्रित करणे हा हक्कभंग नव्हे. प्रती वाटण्याला किंवा विकण्याला या निर्णयाने संरक्षण मिळत नाही. अदलाबदल करणाऱ्यांकडे कंपन्यांनी बहुतेक कानाडोळा केला, मात्र विक्री करणाऱ्यांची गोष्ट वेगळी होती, आणि प्रामाणिक संग्राहकही त्यांना कमी लेखत.

अमेरिकेतून आणलेली कॅसेट महाराष्ट्रातील घरच्या व्हीसीआरवर चालेल का?

साध्या व्हीसीआरवर नीट चालणार नाही. भारतातील व्हीसीआर पाल पद्धतीचे आहेत, म्हणजे ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे, तर एनटीएससीत ५२५ रेषा आणि सुमारे ३० चित्रे. चित्र कृष्णधवल होईल, वरखाली पळेल किंवा दिसणारच नाही. दोन्ही पद्धती ओळखणारा व्हीसीआर आणि तसाच टीव्ही असेल, तर अडचण येत नाही. आपल्याकडील व्हिडिओ लायब्ररीतून रात्रभरासाठी आणलेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कॅसेटी बहुधा कितव्या तरी पिढीच्या पाल प्रती असत, आणि १९९१ नंतर स्टारच्या क्रीडावाहिनीने ती गरजच संपवली. त्यामुळे भारतात पाहणारे भरपूर झाले, पण अमेरिकेसारखे अदलाबदलीचे जाळे उभे राहिले नाही.

कॅसेटी जपाव्यात कशा?

उभ्या ठेवाव्यात, एका टोकापर्यंत पूर्ण गुंडाळून ठेवाव्यात आणि स्पीकरपासून दूर ठेवाव्यात. आपल्याकडे, विशेषतः मुंबई, कोकण आणि गोव्यात, खरा शत्रू बुरशी आहे. कॅसेटच्या खिडकीतून पाहिल्यावर फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली, तर ती कॅसेट कोणत्याही परिस्थितीत व्हीसीआरमध्ये घालू नये, कारण बुरशी व्हीसीआरच्या हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटीत शिरते. मागच्या बाजूची छोटी पट्टी तोडलेली आहे ना, हेही पाहावे. ती शाबूत असेल, तर चुकीच्या एका बटणाने मुद्रण पुसले जाते.

संगणकावर उतरवण्याचे काम पुढे ढकलू नये. फुनाई या शेवटच्या उत्पादकाने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले, त्यामुळे आज जी यंत्रे चालू आहेत, तीच उरलेली आहेत. शक्य असल्यास एस-व्हिडिओ जोडणी असलेले यंत्र वापरावे आणि थरथरते चित्र स्थिर करणारे टाइम बेस करेक्टर मध्ये जोडावे. जाहिराती कापू नयेत. त्या कापून जागा वाचवण्याची सवय अनेकांना होती आणि आज त्याचाच पश्चात्ताप होतो.

अशा कॅसेटींना किती किंमत येते?

बहुतेक कॅसेटींना काहीच येत नाही. मूळ पेटीतल्या, न उघडलेल्या, कोलिझियमच्या मोजक्या कॅसेटी अपवाद आहेत.

लेबल नसलेल्या कॅसेटवर काय आहे, हे कसे ओळखावे?

आधी समालोचकाचा आवाज ऐकावा. लान्स रसेल असतील, तर मेम्फिस. बिल मर्सर असतील, तर डॅलस. गॉर्डन सोली असतील, तर फ्लोरिडा किंवा अटलांटा, आणि त्या दोहोंतील निवड स्टुडिओ पाहून करता येते. जागाही बोलकी असते. श्रीव्हपोर्टच्या बॉइज क्लबमधील लहानसा, खेटून बसलेल्या प्रेक्षकांचा हॉल दिसला की मिड-साउथ समजावे, आणि डॅलसचे पत्र्याचे स्पोर्टाटोरियम एकदा पाहिलेला माणूस ते पुन्हा चुकत नाही. मग अजिंक्यपदाचा पट्टा कोणाच्या कमरेला आहे ते पाहावे. त्यावरून वर्ष आणि बरेचदा महिनाही ठरतो. तेवढ्याने भागले नाही, तर जाहिराती पाहाव्यात: प्रदर्शित होणारे चित्रपट, निवडणुकीला उभे असलेले उमेदवार, मोटारींची नवी मॉडेले. शेवटी कॅसेट संपेपर्यंत चालू ठेवावी, कारण कुस्ती संपल्यावरही व्हीसीआर चालूच राहिलेला असतो आणि पुढच्या बातमीपत्रात निवेदक अनेकदा तारीख सांगून जातो.